पाठीला पाठ

कोल्हापुरात खासबागेच्या आवारात नाटकाचं थिएटर आणि कुस्तीचं मैदान पाठीला पाठ लावून उभे आहेत. थिएटरची मागची भिंत संपते तिथेच मैदानाचा उघडा रंगमंच सुरू होतो. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, रोममधलं प्राचीन वर्तुळाकार क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि परतल्यावर १९०७ ते १९१२ या काळात खासबागेचं गोल मैदान उभं राहिलं. पुढच्याच वर्षी शेजारी पॅलेस थिएटरचं काम सुरू झालं, ते १९१५ मध्ये पुरं झालं. १९५७ पासून त्याला गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव आहे. संस्थान गेलं, आणि हे दोन्ही गावाच्या मालकीचं झालं. आज मालकीचा कागद, वीजबिल, झाडलोट, सगळं महापालिकेचं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री थिएटर जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छत कोसळलं, आतलं लाकूड, पडदे, खुर्च्या गेल्या. मैदानाच्या बाजूचा रंगमंचही वाचला नाही. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. तेव्हापासून एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे: होतं तसं उभं करा. ते मनापासून पटतं. पण ‘होतं तसं’ म्हणजे नेमकं काय, हे कमानीच्या फोटोवरून कळत नाही. माइक नसताना नटाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, पंचवीस रांगा मागे बसलेल्या माणसाला पैलवानाची पकड दिसायची, ते ‘होतं तसं’. ते सगळं मापात असतं, आणि माप चुकलं तर दगड जुनाच असूनही जागा नवीच होते.

मैदानापासून सुरुवात करतो, कारण तिथलं गणित जास्त उघडं आहे.

कुस्ती जमिनीवर होते. क्रिकेटचा चेंडू उंच उडतो, नाटकातला नट चार फूट उंच रंगमंचावर उभा असतो. कुस्तीत निकाल लागतो तो पाठ मातीला टेकते तेव्हा, म्हणजे पाहणाऱ्याची नजर थेट मातीपर्यंत पोहोचायला हवी. त्यासाठी मागच्या माणसाच्या डोळ्यांतून निघालेली रेघ पुढच्याच्या डोक्यावरून जायला पाहिजे. बोडक्या डोक्याला, पुढच्याच्या डोळ्यांच्या पातळीपासून १२ सेंटिमीटरची फट मिळाली तर उत्तम. पण कुस्तीच्या मैदानात पुढचा माणूस फेटा किंवा टोपी घालून बसतो, तिथे १५ सेंटिमीटर तरी लागतात. हौदाच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, मध्यापासून २० मीटरवर, मातीपेक्षा ४ मीटर उंच डोळे असलेला माणूस घ्या. पायरीची रुंदी ८० सेंटिमीटर धरली तर मागची पायरी ३२ सेंटिमीटर उंच हवी. ती २० सेंटिमीटर केली तर फट ४ सेंटिमीटरही उरत नाही, आणि मग सगळं मैदान उठून उभं राहतं. एक रांग उभी राहिली की तिच्या मागच्या सगळ्यांना उभं राहावंच लागतं. वर ३० मीटरवर, ८ मीटर उंचीला तीच पायरी ३७ सेंटिमीटर लागते. म्हणून चांगल्या मैदानाची बैठक वर जाताना जास्त चढी होत जाते, वाटीसारखी. सरसकट एका मापाच्या पायऱ्या टाकणं बांधकामाला सोपं, पण मग वरच्या लोकांना हलगी ऐकू येते आणि कुस्ती दिसत नाही.

इतकं सांभाळूनही नजर अडते ती हौदाच्या कडेला जमलेल्या गर्दीनं. पंच, वस्ताद, पुढचे जोड, कॅमेरेवाले, सत्काराला आलेले पाहुणे. पन्नास माणसं हौदाभोवती उभी राहिली की पहिल्या आठ-दहा रांगांचा पैसा वाया. हौदाच्या कडेपासून चार मीटरच्या आत बसलेला माणूस चालेल, उभा नाही, हा एक नियम कडकपणे पाळला तरी निम्मी तक्रार मिटते.

आता माती. ३० फूट लांब, ३० फूट रुंद हौद एक फूट खोल भरायचा तर ९०० घनफूट, म्हणजे ९ ब्रास माती लागते. ती तांबडी हवी, चाळणीतून गेलेली हवी, खडा एकही नको. तिच्यात हळद, काव, तेल, ताक, लिंबू, कापूर, कडुलिंबाचा पाला असं तालमीच्या रिवाजाप्रमाणे घालून ती मुरवतात. तेल आणि ताकानं माती मऊ राहते, धूळ उडत नाही. हळद, कापूर, कडुलिंब हे अंगाला खाज-गजकर्ण होऊ नये म्हणून. पण हे सगळं घालून माती विसरून गेलं तर उपयोग नाही. ती रोज उकरावी लागते. आदल्या संध्याकाळी पाणी मारायचं, पहाटे खोऱ्यानं तळापर्यंत उलथायची, ढेकळं फोडायची, मग सपाट करायची. आठ दिवस खोरं लागलं नाही की वरचे चार बोटं तेवढे भुसभुशीत आणि खाली फरशी. ढाक हा डाव मारल्यावर खांद्यावर पडणारा पैलवान त्या फरशीवर पडतो, आणि गळपट्टीचं हाड जातं.

ओल तपासायला यंत्र लागत नाही. मूठभर माती दाबायची. लाडू वळला आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर माती बरोबर. वळलाच नाही तर कोरडी, ती नाकातोंडात जाणार आणि पकड सुटणार. तळहाताला चिकटून राहिली तर ओली, तिच्यावर पाय सरकतो आणि गुडघा पिळवटतो. मैदानाच्या दिवशी दुपारी चारला पहिला जोड लागतो आणि मोठी कुस्ती दिवे लागल्यावर. एवढ्या तासांत उन्हानं वरची माती वाळते, म्हणून मधल्या कुस्त्यांच्या वेळी हलकं शिंपण लागतं. झारीनं, पाइपनं नाही. पाइपच्या धारेनं एका जागी चिखल होतो आणि दुसरी जागा तशीच राहते.

वाटीसारख्या मैदानाचा दुसरा शत्रू पाऊस. ६० मीटर व्यासाच्या वाटीत तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर जवळजवळ १ लाख ४० हजार लिटर पाणी मध्यभागाकडे धावतं, दहा हजार लिटरचे चौदा टँकर. हौद सगळ्यांत खाली, म्हणजे ते सगळं मुरवलेल्या मातीत जाणार. हौदाभोवती गटार, त्याला जाळी, जाळीपासून मुख्य नाल्यापर्यंत पुरेसा उतार, आणि मे महिन्यात गाळ काढणं, एवढं झालं तर मैदान तगतं. जाळीवर शेंगांची टरफलं आणि पाण्याच्या बाटल्यांची टोपणं साचतात. जून उजाडण्यापूर्वी कुणी ती हातानं काढली का, यावर पुढच्या हंगामाची ९ ब्रास माती ठरते.

भिंतीच्या पलीकडे, थिएटरात, हाच प्रश्न कानाचा होतो.

बोललेला शब्द बंद झाल्यावर त्याचा घुमारा ६० डेसिबलनं उतरायला जो वेळ लागतो त्यावर नाट्यगृहाची जात ठरते. गद्य नाटकाला एका सेकंदाच्या आसपास बरं. संगीत नाटकाला थोडा जास्त, सव्वा सेकंदापर्यंत, कारण ताने-मुरकीला अंगावर थोडी झळाळी हवी असते. केशवरावांच्या नावाच्या वास्तूत दोन्ही व्हायचं आहे. समजा ७०० खुर्च्यांची जागा आहे आणि माणशी ५ घनमीटर हवा. एकूण ३,५०० घनमीटर. सेबाइनचं सूत्र सांगतं की घुमाऱ्याचा वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले आकारमान, भागिले आवाज शोषणारं क्षेत्र. घुमारा १.१ सेकंद हवा तर शोषणाचं क्षेत्र साधारण ५१२ चौरस मीटर लागेल. खुर्चीत बसलेला माणूस एकटा ०.४५ चौरस मीटरएवढं शोषतो, म्हणजे भरलेल्या घरात ३१५ चौरस मीटर माणसांकडूनच आले. राहिलेले १९७ पडदे, भिंती, छत यांच्याकडून.

आता तेच घर रिकामं असताना बघा. खुर्च्या कडक लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या असतील तर त्या जवळजवळ काहीच शोषत नाहीत. घुमारा अडीच सेकंदांच्या वर जातो. सकाळी रंगीत तालमीत नट बोलतो तेव्हा शब्द एकमेकांवर चढतात, साउंडवाला आवाज कमी करतो, आणि रात्री घर भरल्यावर तीच पातळी पुरत नाही. गादीच्या, पाठ-बूड दोन्हींकडे कापड असलेल्या खुर्च्या घेतल्या तर रिकाम्या घरातही घुमारा सव्वा सेकंदाजवळ राहतो. पुनर्बांधणीत खुर्चीचं टेंडर हे फर्निचरचं टेंडर समजलं जातं. ते आवाजाचं टेंडर आहे. खुर्ची ठरवताना रेक्झिन स्वच्छ करायला सोपं म्हणून घेतात, आणि रेक्झिन आवाजाला जवळपास भिंतच असते.

दुसरी चूक उलट्या दिशेची. घुमण्याची भीती बसली की सगळ्या भिंतींना कार्पेट किंवा पातळ फोम लावतात. पातळ आवरण फक्त वरच्या सुरांना खातं. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘थ’ जातात आणि खालचा गुंजारव तसाच राहतो, तबल्याच्या डग्ग्याला मात्र कुणी हात लावत नाही. जुन्या थिएटरांतलं पातळ लाकडी अस्तर, मागे पोकळी ठेवून ठोकलेलं, नेमकं खालचे सूर खायचं आणि वरचे परत द्यायचं. रंगमंचाजवळच्या बाजूच्या भिंती आणि छताचा पुढचा भाग तर मुद्दाम कडकच ठेवायचा असतो. नटाचा आवाज तिथून आपटून ३० मिलिसेकंदांच्या आत कानात आला, म्हणजे सरळ वाटेपेक्षा १० मीटरहून कमी वळसा घेऊन आला, तर कान त्याला मूळ आवाजातच मिसळून घेतो आणि शब्द ठसठशीत होतो. वळसा १७ मीटरच्या वर गेला की तो शब्दावर काजळी धरतो. मागची भिंत मऊ करायची, पुढची कडक. यात उलटापालट झाली की मग प्रत्येक नटाच्या कपाळाला माइक चिकटवावा लागतो. वातानुकूलनाचा आवाजही ३० डेसिबलच्या आत हवा. थंडी कमी पडली तर प्रेक्षक पंखा मागेल, पण यंत्राच्या घोंघावण्यात नाटकातला ठहराव हरवला तर तो कुणाकडे मागणार?

आगीबद्दल लिहिताना हात आखडतो, पण लिहायला हवं.

नाटकाचा रंगमंच ही पेटायला तयार जागा आहे. उंच लटकलेलं कापड, कोरडं लाकूड, रंगवलेला कॅनव्हास, वर गरम दिवे, आणि वर जाणारी पोकळी, म्हणजे चिमणीच. शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरात १९०३ साली ६०० हून अधिक माणसं गेली. तिथला आगरोधक पडदा अर्ध्यात अडकला आणि दारं उघडेनात. अशा आगींनंतर अनेक देशांत रंगमंच आणि प्रेक्षागृह वेगळं करणारा पडदा, रंगमंचावर धूर बाहेर काढणारी झडप आणि बाहेर उघडणारी दारं, हे तिन्ही नियमात आले. आगरोधक पडदा ३० सेकंदांच्या आत पडायला हवा. धुराच्या झडपांचं क्षेत्रफळ रंगमंचाच्या सुमारे १० टक्के, म्हणजे ९० चौरस मीटरच्या रंगमंचाला ९ चौरस मीटर. धूर वर गेला नाही तर तो प्रेक्षकांत येतो, आणि आगीत जाणारे बहुतेक धुरानं जातात. ब्रिटनमध्ये हा पडदा प्रयोगाच्या वेळी प्रेक्षकांसमोर एकदा पाडून दाखवण्याची रीत आहे. आपल्याकडे ते मध्यंतरात करता येईल. लोक चहा घेत असतात, पडद्याला मिनिटभर पुरतं.

मखमली पडदे आगरोधक करून आणले म्हणजे ते कायमचे तसे राहत नाहीत. सुती कापडाला जुनी पद्धत अशी, की १०० लिटर पाण्यात ७ किलो बोरॅक्स आणि ३ किलो बोरिक आम्ल विरघळवून त्यात कापड भिजवायचं आणि वाळवायचं. पण हे क्षार पाण्यात विरघळणारे. पडदा एकदा धुतला, किंवा गळक्या छतानं दोन पावसाळे भिजवला, की आगरोधकपणा गेला. तपासायचं तर शिवणीच्या आतली चिंचोळी पट्टी कापायची, बाहेर उघड्यावर चिमट्यात धरून खालून १२ सेकंद ज्योत लावायची, ज्योत काढल्यावर २ सेकंदांपेक्षा जास्त जळत राहिली तर पडदा परत भिजवायला पाठवायचा. कृत्रिम धाग्याच्या पडद्याला ही पाककृती चालत नाही, तो विणतानाच तसा घ्यावा लागतो.

विजेचं दुखणं अधिक छुपं. १,००० वॉटचे ४० हॅलोजन लावले की ४० किलोवॉट, तिन्ही फेजवर सारखे वाटले तर प्रत्येकी साधारण ५८ अँपिअर. इथपर्यंत सगळे मोजतात. पण जुने डिमर दिवा मंद करताना विजेची लाट कापतात, आणि त्या कापलेल्या लाटेचे तिप्पट वारंवारितेचे तुकडे न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या तारेत, एकमेकांत मिसळून जातात, रद्द होत नाहीत. मग फेजच्या तारा गार आणि न्यूट्रल तापलेला. बारीक न्यूट्रल असलेली जुनी वायरिंग अशाच ठिकाणी, पाटीवर कुठलाही फ्यूज न उडता, हळूहळू करपते. न्यूट्रल फेजच्या दुप्पट जाड घ्यावा, नाहीतर सगळे दिवे एलईडी करावेत, तेव्हा भारच पाचवा-सहावा भाग राहतो. शिवाय रंगमंचाखालची पोकळी म्हणजे उंदरांचं घर. तिथून जाणारी प्रत्येक तार लोखंडी नळीत हवी. प्रयोग संपल्यावर मुख्य स्विच पाडून, वहीत वेळ लिहून, सही करून मगच चौकीदारानं किल्ली घ्यावी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो दाखला कागदावर असतो, म्हणून त्या दिवशी खरोखर पंप सुरू करून सगळ्यांत लांबच्या नळीतून पाणी येताना पाहावं.

आणि दारं. फुकट घुसणाऱ्यांना आवरायला मागच्या दाराला साखळी लावण्याची सवय आपल्या गावांत अजून आहे. साखळीऐवजी आतून ढकलल्यावर उघडणारा आडवा दांडा लावला तर बाहेरून कुणी येत नाही आणि आतला अडकत नाही.

जळालेल्या दगडी भिंतींवर घाई करू नये. बेसाल्ट आग बऱ्यापैकी सोसतो, पण तापलेल्या दगडावर बंबाचं थंड पाणी पडलं की वरचा पापुद्रा उडतो. सांध्यातला चुना फार तापला तर भुसा होतो. हातोडीनं ठोकून पोकळ आवाज येतो का ते जोखायचं, सांधे खरवडायचे, चुन्याचा पातळ मसाला दाबून भरायचा आणि आठवडेच्या आठवडे ओला ठेवायचा. जुन्या चुन्यावर सिमेंटचा जाड गिलावा मारला तर आतली ओल बाहेर पडत नाही, आणि दोनेक पावसाळ्यांनंतर गिलावा पोपडे धरून दगडाचा तोंडवळा घेऊन पडतो. त्याहून साधं काम, छत येईपर्यंत भिंतीचा माथा झाकून ठेवणं.

पैशाचं थोडक्यात. अशा वास्तूला दरवर्षी तिच्या आजच्या बांधकाम-किमतीच्या २ ते ४ टक्के देखभालीला लागतात, हा जगभरातला मान्य आडाखा आहे. २५ कोटींच्या वास्तूला वर्षाला ५० लाख ते १ कोटी. हे भाड्यातून येत नाहीत, आणि येऊ नयेत, नाहीतर हौशी संघाला तारीखच परवडणार नाही. पण ते वेगळ्या खात्यात पडावेत, रस्त्यांच्या खड्ड्यांत जाऊ नयेत. तारखा वाटताना तीन महिन्यांतून एक आठवडा फक्त दुरुस्तीचा, कुणालाही न देण्याजोगा, कॅलेंडरवर आधीच छापावा. तो नसला की फळीचा खिळा वर आलेला सगळ्यांना दिसतो आणि ठोकायला वेळ कुणाला नसतो. नाटकाचा टेम्पो लागतो तो धक्का टेम्पोच्या तळाच्या उंचीला, सव्वा मीटरच्या आसपास असावा. नसला तर नेपथ्याच्या चौकटी उचलून नेताना पायरीवर कोपरे फुटतात, आणि फुटक्या कोपऱ्यांचे खिळे मग रंगमंचाची फळी खातात.

राहिली ती भिंत, थिएटर आणि मैदान यांच्यातली. जाड दगडाची भिंत हलगीला सहज अडवेल. अडचण दाराची. त्या भिंतीत एकूण क्षेत्राच्या फक्त १ टक्का फट राहिली, सामान नेण्याच्या दाराखालची पट्टी किंवा तारांसाठी पाडलेलं आणि न बुजवलेलं भोक, तर भिंत कितीही जाड असो, आवाजाची अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. शाहू महाराजांनी दोन्ही एकत्र बांधली ती एकाच संध्याकाळी दोन्हीकडे गर्दी व्हावी म्हणून की नाही, ते बाजूला ठेवू. आज मात्र तसं व्हायला हवं. म्हणून उद्‌घाटनाच्या फिती आणि भाषणांच्या आदल्या दिवशी एक चाचणी घ्यावी. मैदानात हौदाच्या कडेला दोन हलग्या वाजवायला लावाव्यात. आत वातानुकूलन चालू, दारं बंद. रंगमंचावर एका नटानं माइकशिवाय, नेहमीच्या आवाजात, एकमेकांशी संबंध नसलेले १०० शब्द वाचावेत: घागर, तडा, शेव, पाथरवट, ठसा, साय. शेवटच्या रांगेत, बाल्कनीखालच्या कोपऱ्यात, बाजूच्या टोकाच्या खुर्च्यांवर वेगवेगळ्या वयाची माणसं वही घेऊन बसवावीत आणि ऐकू आला तो शब्द लिहायला सांगावा. कुठल्याही वहीत ८५ पेक्षा कमी शब्द बरोबर उतरले, तर फीत कापायची तारीख पुढे ढकलावी आणि आधी त्या खुर्चीपाशी जाऊन पाहावं, आवाज कुठे अडतोय.